मार्ग फार लांब आहे

दप्तरदारांनी 'भाषण खरंच शेवटचं' या नावावर दोनदा टिचकी मारली आणि कॉम्प्युटरने त्यांना सांगितलं, की ही फाईल सापडत नाही. सकाळची वेळ होती, हातात दुसरा चहा होता, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं, आणि फाईल तर समोर दिसत होती. नाव दिसत होतं, नावाशेजारचं कागदाचं चिमुकलं चित्र दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा टिचकी मारली. कदाचित ती हलवली गेली असावी, कॉम्प्युटर म्हणाला, किंवा तिचं नाव बदललं असावं, किंवा ती काढून टाकली असावी. नोकरीसाठी परगावी जाताना लेकीने हा कॉम्प्युटर घरी ठेवला होता आणि त्याची भाषाही मराठी करून दिली होती, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. सापडत नाही, हे शब्द त्यांनी उभ्या नोकरीत कोणाला ऐकवले नव्हते. हाताखालच्या माणसांनाही म्हणू दिले नव्हते. 'शोधतोय' म्हणायचं, असा त्यांचा दंडक होता. शोधतोय म्हटलं की वस्तू असतेच, फक्त आपण तिच्यापर्यंत अजून पोचलेलो नसतो. आणि हे यंत्र, ज्याच्या नाकासमोर वस्तू ढळढळीत पडली होती, ते हात झटकून मोकळं झालं होतं.

दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. शहराच्या पाणीखात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळायचं त्यांचं काम, आणि त्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांबलचक की ओळखपत्रावरही ते अर्ध्यात तुटायचं. कोणीतरी कंटाळून दप्तरदार म्हटलं, ते चिकटलं, आणि गेल्या वर्षी ते निवृत्त झाले तरी निघालं नाही. त्यांची सारी हयात एका तळघरात गेली. मांडणीचे लोखंडी घोडे, त्यांवर कापडात गुंडाळलेले नकाशे, खळीचा वास, आणि वरून रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर. तिथे त्यांनी दोन गोष्टी पाळल्या. एक म्हणजे वरच्या चिठ्ठीवर सगळं लिहायचं. नुसतं 'नळ' लिहून ठेवलेला नकाशा हरवलाच समजायचा. कुठला विभाग, कुठला रस्ता, रस्त्याची कुठली बाजू, जुना की नवा, जुना असेल तर कोणाच्या सांगण्यावरून जुना, हे बाहेरून वाचता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे आत बघायचं नाही. आत काय आहे हा मागणाऱ्याचा प्रश्न, ते कुठे आहे एवढा आपला. नवीन आलेला एखादा उत्साही माणूस नकाशा उलगडून नळाची वळणं बघत बसला की दप्तरदार त्याच्या मागे जाऊन खाकरत. दुसऱ्याचं पत्र वाचताना पकडल्यासारखा तो चपापून गुंडाळी करायचा.

आज मात्र त्यांना ती फाईल उघडायची होती, आणि तीही आत न बघता. बायको इस्पितळात हेड नर्स होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत, इमारतीतले शेजारी सिस्टर म्हणत, समोरचा औषधवालाही सिस्टर म्हणे. आज तिची शेवटची ड्यूटी होती. संध्याकाळी इस्पितळाच्या सभागृहात निरोपसमारंभ, त्याआधी दुपारी ती कपडे बदलायला घरी येणार. दप्तरदारांचा बेत असा होता, की भाषण छापायचं, स्वच्छ पाकिटात घालायचं, आणि ती निघताना दारात, फार काही न बोलता, तिच्या हातात द्यायचं. छापताना नजर खिडकीबाहेर ठेवायची, म्हणजे नियमही मोडत नाही. ती पाकीट उघडेल, तिच्या लक्षात येईल की वर्षभर या माणसाने आपलं सगळं किती नीट ठेवलं, आणि मग ती काय म्हणेल याचा विचार करत ते सकाळी दाढी करताना दोनदा कापून घेऊन बसले होते.

खरं तर हे काम तिनेच त्यांना दिलं होतं. निवृत्तीनंतरचे पहिले महिने आठवले की दप्तरदारांना अजूनही अभिमान वाटायचा आणि जरा चुकल्यासारखंही वाटायचं, कारण घरातल्या इतरांना त्या महिन्यांबद्दल नेमकं काय वाटलं ते कोणी स्पष्ट बोललं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे, आतला जिन्नस घरात कधी आला त्या क्रमाने लावले. साखर मागे गेली, मीठ खिडकीत आलं, आणि बायको पहाटे ड्यूटीला जाण्यापूर्वी चहा करताना अंधारात डब्यांच्या चिठ्ठ्या वाचत उभी राहू लागली. मग त्यांनी चपला वापराच्या वारंवारतेनुसार मांडल्या. मग ते जिन्याखालच्या टपालपेट्यांकडे वळले, आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचं टपाल बरेच दिवस शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जात राहिलं. बाई भल्या होत्या, त्यांनी दातांच्या कवळ्यांची सूचीपत्रं जपून ठेवली. पण दंतवैद्य घरी येऊन गेले, सोफ्यावर टेकले नाहीत, उभ्या उभ्या बोलून गेले. त्या संध्याकाळी बायको कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने एक मोठा उसासा सोडला. म्हणाली, अहो, हे माझं लिहिलेलं सगळं इथे पसरलंय, एक वस्तू वेळेवर मिळेल तर शपथ. दप्तरदार उठून तिच्या मागे उभे राहिले. पडदाभर फायली विखुरल्या होत्या. 'नवीन', 'नवीन नवीन', 'हे कुठे ठेवू', 'परवाचं', 'गुडघे आणि जिना', 'बघून ठरवणे'. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. मी लावू का, त्यांनी विचारलं. "लावा," ती म्हणाली. "पण हरवू नका."

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते कळलंसुद्धा नाही. ती ड्यूटीवरून यायची, जेवण झालं की पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसायची, आणि तिच्या बोटांची टकटक दप्तरदार आतल्या खोलीतून ऐकायचे. सकाळी पडद्यावर नव्या फायली हजर. वर्षभरात एकही दिवस तिने त्यांना रिकाम्या हाताने बसू दिलं नाही. बाई गं, किती लिहितेस, असं ते मनात म्हणायचे आणि बाह्या सरसावायचे. 'गुडघे आणि जिना' आरोग्यात जाईल की इमारतीच्या देखभालीत, यावर ते एकदा दुपारच्या जेवणापर्यंत विचार करत बसले होते. 'शेजारीण (जपून)' या नावाने तर त्यांची परीक्षाच पाहिली. कुठली शेजारीण, जपून कोणी, कशाबद्दल. टिचकी मारायचा अवकाश होता. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला आणि फाईल 'गोपनीय' मध्ये सरकवली. आकार नावाच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही, कारण जाडी पाहून कागद लावायचे नसतात. आणि यातली एकही फाईल तिने पुन्हा कधी मागितली नाही, याचं त्यांना नवल वाटलं नाही. तळघरातही बहुतेक नकाशे कोणी कधी मागत नसे. मागितलं जात नाही ते जास्त नीट ठेवावं लागतं, असं ते हाताखालच्या लोकांना सांगत, आणि ती माणसं मान डोलावून बाहेर चहाला जात.

तर ती 'भाषण खरंच शेवटचं' कुठे होती, हे दप्तरदारांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. 'घर व गृहव्यवस्था' या फोल्डरात 'कुटुंबीय (हयात)', त्यात 'पत्नी व पत्नीसंबंधी सर्व', त्यात 'पत्नीचे स्वतःचे लेखन, टिपणे व तत्सम', त्यात 'अपूर्ण (पत्नीच्या मते पूर्ण)', आणि त्यात 'भाषणे, मनोगते व निरोपाचे चार शब्द'. काल-परवापर्यंत तिथे सगळं ठीक होतं. एवढंच, की काल त्यांनी 'पत्नी व पत्नीसंबंधी सर्व' याच्यापुढे 'सेवानिवृत्तीपूर्व काळ, निरोपसमारंभाच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून' असं जोडलं होतं, कारण उद्यापासून नवा काळ सुरू होणार आणि दोन काळ एकमेकांत मिसळून चालत नाहीत. नाव बदललं तेव्हा कॉम्प्युटर निमूट होता. आता त्याच फोल्डरातली एकही फाईल उघडेना. त्यांनी ती उचलून बाहेर ठेवून पाहिली, तर कॉम्प्युटर म्हणाला, मार्ग फार लांब आहे. पुन्हा प्रयत्न करा, असं एक बटण होतं, ते त्यांनी दाबलं. मार्ग फार लांब आहे. त्यांना आतून राग आला. तळघरात पायऱ्या उतरून, दिवे लावत लावत, शेवटच्या घोड्यापर्यंत ते रोज चालत गेले होते, गुडघे दुखत असताना गेले होते, आणि मार्ग लांब आहे म्हणून परत आलेले नव्हते.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायरी काढून फुंकर मारून परत बसवल्या. शोधायची चौकट त्यांनी आजवर वापरली नव्हती. वस्तू जागच्या जागी असताना हाका मारत हिंडायचं म्हणजे ठेवणाऱ्याचा अपमान. पण आज मान खाली घालून तीही वापरली. चौकटीने क्षणात फाईल दाखवली, ती आहे तिथेच आहे असं सांगितलं, आणि टिचकी मारल्यावर ती नाही असं सांगितलं. मग त्यांनी अख्खा बायकोचा फोल्डर चिमटीत धरून वर न्यायचं ठरवलं. मध्येच बोट निसटलं आणि फोल्डर गडप झाला. 'कुटुंबीय (हयात)' मध्ये आता फक्त लेक होती, आणि 'सेवानिवृत्तीनंतर' नावाचा, परवाच तयार करून ठेवलेला कोरा फोल्डर. दप्तरदारांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या एकेका फोल्डरात ते डोकावत गेले. वॉरंट्यांमध्ये बायको नव्हती, प्रवासात नव्हती, देवाण-घेवाणीत नव्हती. शेवटी ती 'न्हाणीघर, नळदुरुस्ती' मध्ये सापडली, जशीच्या तशी, निरोपसमारंभाचा दिवस धरून. त्यांनी तिला जपून परत आणलं आणि पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

लेकीला फोन करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, तरी केला. तिच्या आवाजात ऑफिसातली कुजबुज होती, एका हाताने तोंड झाकून बोलत असावी. रिस्टार्ट केलात का, तिने विचारलं. केला. मग आईलाच विचारा ना. ते शक्य नाही, दप्तरदार म्हणाले, आईला कळता कामा नये. लेक म्हणाली, वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचून दाखवा. त्यांनी खडखडीत आवाजात वाचली. 'तो दिवस धरून' पर्यंत आले तेव्हा पलीकडून एक विचित्र आवाज आला, ठसका लागल्यासारखा. मग तिने समजावून सांगितलं, की फाईलचं नाव म्हणजे तिचा पूर्ण पत्ता, घरापासून शेवटपर्यंत, आणि त्या पत्त्यात किती अक्षरं मावतील याला हद्द असते. ती ओलांडली की दिसतं, पण हात पोचत नाही. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं कॉम्प्युटर वेगवेगळं मोजतो. म्हणजे आपल्या भाषेत नीट लिहिणारा माणूस अर्ध्या रस्त्यातच अडकणार, दप्तरदार म्हणाले. लेक म्हणाली, बाबा, नावं छोटी करा. वरून सुरुवात करा. घराला नुसतं घर म्हणा, मरणार नाही कोणी. आणि नाही जमलं तर इतकं मनाला लावून घेऊ नका, आईचं त्यावाचून काही अडणार नाही. हे शेवटचं वाक्य दप्तरदारांना बेफिकिरीचं वाटलं. आजकालच्या मुलांना कागदाची किंमत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी फोन ठेवला.

'घर व गृहव्यवस्था' चं त्यांनी 'घर' केलं. गृहव्यवस्था पुसताना फारसं दुःख झालं नाही. 'कुटुंबीय (हयात)' चं 'माणसं' करायचं ठरवलं, पण कंसातला शब्द पुसताना बोट थबकलं. लेकीचा आवाज आत्ताच ऐकला होता, बायको ड्यूटीवर होती, ते स्वतः खुर्चीत बसले होते. पुसायला हरकत नव्हती. तरी पुसल्यावर ते जरा वेळ स्वस्थ बसून राहिले, काही होतं का ते बघत. काही झालं नाही. जिन्यात कोणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. मग पाळी आली पत्नीची. सेवानिवृत्तीपूर्व काळ गेला, निरोपसमारंभ गेला, पत्नीसंबंधी सर्व गेलं, आणि नुसतं 'पत्नी' उरलं. ते त्यांना बरं दिसेना. शाळेच्या दाखल्यावर किंवा पोलिसांच्या पंचनाम्यात लिहितात तसं दिसत होतं. कंसात काही नसताना हा शब्द इतका उघडा पडतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सिस्टर म्हणावं तर सगळं गाव म्हणत होतं, फक्त त्यांनाच ती सोय नव्हती. तिचं नाव त्यांनी टंकून पाहिलं. हजेरीपटातल्या कुठल्याशा मुलीचं असावं तसं ते पडद्यावर बसलं, वेणी घालून, परकं. ते नाव त्यांनी तोंडाने कधी उच्चारलंच नव्हतं. लोकांसमोर ते 'ही' म्हणत, आणि तिला स्वतःला हाक मारायची झाली तर. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी हळूच 'अगं' असं टंकलं.

अगं. एवढंच. ते वाचून त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाच शब्द गेला होता, आणि लेक झाली तेव्हा काय बोलावं ते न सुचून हाच. मंडईच्या गर्दीत तिची चुकामूक झाली की ते भाजीच्या ढिगाऱ्याशेजारी उभे राहून एकदाच म्हणायचे, फार मोठ्याने नाही. तिथे असलेल्या प्रत्येक बाईला घरी कोणी ना कोणी अगं म्हणणारं असणारच, तरी वळून बघायची ती एकटी. दोन बोटं वर करून आलेच म्हणायची आणि पुन्हा भाव करायला लागायची. विभाग नाही, रस्ता नाही, रस्त्याची बाजू नाही, आणि तरी कधी चुकीच्या दारात गेलं नाही. आपण आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिल्या आणि इतका अचूक पत्ता एकही लिहिला नाही, असं दप्तरदारांना वाटलं, आणि वाटलं याचंच त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी घाईघाईने पुढची नावं छाटली. लेखन. अपूर्ण. भाषणं. टिचकी मारली. 'भाषण खरंच शेवटचं' अलगद उघडलं.

त्यांनी ताबडतोब तोंड खिडकीकडे फिरवलं. नियम तो नियम. चाचपडत छापायचं बटण दाबलं. समोरच्या गच्चीत कोणीतरी टॉवेल वाळत घालत होतं, ते पाहात त्यांनी प्रिंटरची कुरकुर ऐकली. कागद आला. तो कोरा होता. उलटा छापला असेल म्हणून त्यांनी तो उलटला, तर तिकडूनही कोरा. त्यांनी शाईची डबी काढून हलवली, बोटं काळी करून घेतली, पुन्हा छापलं. कोरा. पुन्हा. कोरा. पांढरेशुभ्र कागद एकामागून एक पायाशी येऊन पडू लागले. शेवटी प्रिंटरची खोट शोधायला त्यांनी नव्या पानावर 'नळ' असं टंकून छापलं, तर ते काळंभोर, ठसठशीत उमटलं. मग मात्र इलाज उरला नाही. दप्तरदारांनी मान वळवून, उभ्या जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्याच्या कागदाच्या आत पाहिलं. पांढरं पान होतं आणि डाव्या कोपऱ्यात एक बारीक काडी उघडझाप करत होती.

'भाषण शेवटचं' उघडलं. पांढरं. 'नवीन नवीन' पांढरं. 'गुडघे आणि जिना' पांढरं. 'शेजारीण (जपून)' वर त्यांनी डोळे मिटून टिचकी मारली आणि एक डोळा उघडला. पांढरं. नावं कापली तेव्हा आतलं सगळं सांडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. काना, मात्रा, वेलांट्या काढता काढता आपण तिचं वर्ष पुसून टाकलं. ते खुर्चीच्या काठावर बसले. हात थंड पडले होते. भाषण गेलं ही गोष्ट वाईट होतीच, संध्याकाळी ती भर सभागृहात काय वाचणार होती. पण त्यांच्या छातीत जे रुतलं ते वेगळंच होतं. रोज संध्याकाळी ती पाठ करून बसायची, टकटक करायची. दिवसभर माणसांची दुखणी पाहून आलेली बाई होती, तिला काहीतरी सांगायचं असेल. गुडघ्यांबद्दल असेल, जिन्याबद्दल असेल. त्यांच्याबद्दलही असेल. ते सगळं वर्षभर आपल्या हाताखालून गेलं आणि आपण फक्त कुठल्या कप्प्यात जाईल ते पाहिलं. एकदा उघडून वाचलं असतं तर निदान आठवून सांगता आलं असतं. माणूस म्हणून आपण एक नंबरचे गाढव आहोत, असं त्यांनी स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याने जराही बरं वाटलं नाही.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा ते कोऱ्या कागदांच्या ढिगात उभे होते. ती आत आली. अंगावर पांढरे कपडे, काखेत वॉर्डातल्या पोरींनी दिलेला गुच्छ, पायांत दिवसभराचा थकवा. तिने गुच्छ टेबलावर ठेवला, चपला काढल्या, आणि मग तिचं लक्ष त्यांच्या काळ्या बोटांकडे गेलं. काय झालं, तिने विचारलं. दप्तरदारांनी घसा साफ केला. शोधतोय, असं म्हणायचा त्यांचा बेत होता. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुझं भाषण सापडत नाही," ते म्हणाले. "काहीच सापडत नाही. सगळं पुसलं गेलं माझ्या हातून."

तिने पायाशी पडलेला एक कागद उचलला. उलटून पाहिला. मग पडद्याकडे पाहिलं, तिथे 'शेजारीण (जपून)' अजून उघडी होती. ती सोफ्यावर बसली आणि तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असं वाटून दप्तरदार एक पाऊल पुढे आले, तेव्हा त्यांना कळलं की ती हसते आहे, आवाज न करता, इस्पितळात हसायची सवय असते तशी.

"अहो, पुसायला त्यांत होतं काय?" ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. टपालपेट्यांच्या त्या प्रकरणानंतर दंतवैद्याने पुढचा निरोप वकिलामार्फत पाठवीन असं म्हटलं होतं, आणि तिला कळून चुकलं की या माणसाला रोज काहीतरी लावायला दिलं नाही तर हा इमारत सोडून रस्त्यावर उतरेल. म्हणून ती रोज बसून कोऱ्या फायली तयार करायची. आत लिहायला वेळ कुठे होता आणि लिहायचं तरी काय. फक्त नावं द्यायची, तीही अशी की सहज कुठे बसू नयेत. आधी सुचेल ते देत होती, पुढे पुढे तिला गोडी लागली, वॉर्डात फेरी मारताना नावं सुचू लागली. 'शेजारीण (जपून)' ला तर अख्खी ड्यूटी गेली होती. ती उघडाल अशी तिची खात्री होती. रोज वाट पाहिली, उघडाल, पकडले जाल, आणि दोघं मिळून हसू.

"एकदाही उघडली नाहीत?"

"उघडायची नसते," दप्तरदार म्हणाले.

त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी तो येतो का म्हणून थोडी वाट पाहिली. वर्षभर त्यांनी नसलेली गोष्ट जागच्या जागी ठेवली होती, कंस घालून ठेवली होती, गोपनीयसुद्धा ठेवली होती. पण तळघरातले निम्मे नळ तरी कुठे जमिनीखाली उरले होते. केव्हाच उपटले गेले होते, नकाशे तेवढे राहिले. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि तिचा त्रास त्यांनी कधी करून घेतला नव्हता. आणि दिवसभर उभी राहून आलेली बाई रोज आपल्यासाठी बसून नावं शोधत होती, हे काही कोरं नव्हतं. राग आला नाही. भाषणाचं काय, त्यांनी विचारलं. भाषण वगैरे काही नाही, ती म्हणाली, दोन शब्दांत आभार मानायचे आणि खाली बसायचं.

ती अजून उठली नव्हती. कपडे बदलायला हवे होते, पण ती हात मांडीवर ठेवून बसली होती, तळवे वर करून, आणि त्यांच्याकडेच बघत होती. हसू केव्हा ओसरलं ते कळलं नाही. सकाळी कपाट रिकामं करून दिलं, ती म्हणाली. टोपी ठेवायची खुंटीसुद्धा दुसरीला दिली. "तुम्हाला मी निदान फायली दिल्या. उद्या सकाळी उठून मी काय करू ते मला महिनाभर सुचत नाहीये. मला कोण काय देणार?"

डोक्यातले सगळे घोडे दप्तरदारांनी भराभर चाळले, वरचे, खालचे, मागचे. डबे देता येत नव्हते, चपला देता येत नव्हत्या, कॉम्प्युटरचं तर नावच नको. ते जाऊन तिच्या शेजारी बसले. खिडकीबाहेर टॉवेल वाळत होते, तिकडे बघत त्यांनी आपला हात, शाईच्या बोटांसकट, तिच्या मांडीवर ठेवला.

"अगं," ते म्हणाले, "मला सकाळपासून जरा कणकण वाटतेय."

हात गार होता, तिला ते लागताक्षणी कळलं असणार, इतकी वर्षं तिने दुसरं काय केलं होतं. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत असावी. त्यांनी मान वळवली नाही. मग तिने त्यांचं मनगट उलटं केलं, दोन बोटं नाडीवर टेकवली आणि समोरच्या घड्याळाकडे नजर लावली. तिची पाठ ताठ झाली. बोलू नका, ती म्हणाली, आणि ते बोलत नव्हतेच. घड्याळाचा काटा एक पूर्ण फेरी फिरून आला, तरी तिने हात सोडला नाही.

"आज काळजीचं नाही," ती उठता उठता म्हणाली. "पण उद्या सकाळी पुन्हा बघावं लागेल."